छापील अरे-तुरे

सोमवार वागे, ५ ऑगस्ट

दोन्ही वार लिहिले, सातांतला आणि आपल्या जावा बेटाच्या पाचांतला. सकाळी दहाला मीटिंग. संपादक गुनादीसाहेबांनी सगळ्यांना छापखान्यात उभं केलं आणि सांगितलं की 'ओंचोर' आता नुसता छापून भागणार नाही. दाखवायचा आणि ऐकवायचा. प्रत्येक पानावर चौकोनी कोड येणार, वाचकाने त्यावर मोबाइल धरला की व्हिडिओ सुरू. ज्यांचे डोळे गेलेत त्यांच्यासाठी नुसता आवाज.

ओंचोर म्हणजे टेंभा. साठ वर्षं सोलो शहरात दर शनिवारी निघतोय, आपल्या जावाच्या भाषेत. वाचक बहुतेक सत्तरीच्या पुढचे. महिन्याला पाच-सहा अंक परत येतात, पाकिटावर शेरा असतो, 'वारले'.

पानंही कमी होणार, बत्तिसाची चोवीस. प्रत्येक पानाचा वेगळा चॅनेल. सप्टेंबरअखेर ज्याचे दोन हजार सबस्क्रायबर होतील ते पान राहील. बाकीची जातील.

शेवटचं पान माझं आहे. म्हणजे ह्यांचं. 'कुंपणावरून', खाली नाव, कुसनान. हे आयुष्यभर प्रुफं तपासायचे आणि शेवटची वीस वर्षं उरलेल्या वेळात हे पान लिहायचे. गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून प्रुफंही मी बघते आणि पानही मी लिहिते. नाव त्यांचंच छापतो. दर शनिवारी ताजा अंक हातात घ्यायचा, उलटा करायचा आणि ते नाव बघायचं. मग चहा.

दोन हजार काही फार नाहीत. आमच्या गल्लीतच दोनशे असतील.

मंगळवार क्लिवोन, ६ ऑगस्ट

ठराव केला. रोज अर्धा तास आरशासमोर बोलायचं. चष्मा काढायचा नाही, पण पुसायचा. पान खाणं बंद.

आरशासमोर सात मिनिटं झाली. आवाज भारदस्त आहे. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पान एकच खाल्लं.

गुरुवार पाहिंग, ८ ऑगस्ट

सकाळी कबरीवर फुलं टाकून आले. ह्यांना सांगितलं, दोन हजारांचं मी बघते, तुम्ही निश्चिंत असा.

दुपारी पहिलं शूटिंग. यायुक पानं जुळवते, तिला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, त्यामुळे ती आता कॅमेरामन. स्टँडचा एक पाय आखूड आला. खाली जुन्या प्रुफांचा गठ्ठा ठेवला.

इथे सगळे मला बू, म्हणजे बाई, म्हणतात. यायुक सारखी थांबवत होती. म्हणाली, बू, समोर मोबाइल आहे, वसुलीला आलेला माणूस नाही, जरा हसा. हसले. म्हणाली, नको, आधीचंच बरं होतं. अकरा वेळा घेतलं. तीन वेळा पाववाल्याचा भोंगा आला, एकदा शेजारचा कोंबडा. मी म्हटलं राहू दे, कुंपण म्हटल्यावर कोंबडा आलाच.

मजकूर पानावरचा, जसाच्या तसा. "ए शेजाऱ्या, जेवलास का? ये, टेक इथे कुंपणाला." हे नेहमी असंच सुरू करायचे. यायुक म्हणाली, बू, असंच बोलायचं? पलीकडे म्हातारी माणसं असणार. मी म्हटलं, साठ वर्षं सगळा अंक असाच छापतोय, आजवर कोणी काही म्हटलं का? ती म्हणाली, छापणं वेगळं. मी म्हटलं, तू पानं जुळव, भाषा माझ्यावर सोड. मी लग्नानंतर लिहा-वाचायला शिकले ते 'ओंचोर'च्या रद्दीवरच. या अंकाची भाषा कुठे दुखते, कुठे खुपते, ते मला यायुकने सांगायचं?

शनिवार लेगी, १७ ऑगस्ट

सतरा ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन, आणि आमचा पहिला बोलका अंक, एकाच दिवशी. शुभ आहे.

गल्लीत पोत्यात पाय घालून पळायची शर्यत चालली होती. मी अंक घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. एक बाई म्हणाली, बघते हं नंतर, आधी आमच्या ह्यांना पोत्यातून काढते.

संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी बघितला. त्यातल्या अकरा वेळा मीच. उरलेले वीस अस्सल.

यायुक म्हणते, तिने नऊ वेळा बघितला, चालतो की नाही ते तपासायला.

म्हणजे अकरा. पण अस्सल.

बुधवार क्लिवोन, २१ ऑगस्ट

उदंड प्रतिसाद! टपालाने एका दिवसात त्रेचाळीस पाकिटं. सगळी शेवटच्या पानासाठी.

प्रत्येक पाकिटात आमचा कोड, कात्रीने सुबक कापलेला, मागे नाव आणि पत्ता. सोडत कधी आहे, असं विचारलंय. एका आजींनी लिहिलंय की मोटरसायकल लागली तर त्याऐवजी तांदूळ मिळतील का, चालवायला घरात कोणी नाही.

गुनादीसाहेब डोकं धरून बसले. मला कळत नाही का. त्रेचाळीस माणसांनी हातात कात्री घेऊन माझं पान कापलं. कापायच्या आधी वाचलं असणारच. क्रीडापानाला दोनच पाकिटं आली, त्यातलं एक विजेचं बिल.

फक्त आमच्या कोडाच्या पाठीमागे शब्दकोडं येतं, त्याला मधोमध भोक पडलं. शब्दकोडंवाले चिडलेत. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

मंगळवार लेगी, २७ ऑगस्ट

बघणारे दोनशे बारा. सबस्क्रायबर एकोणीस. चढता आलेख.

कॉमेंट येऊ लागल्या. पहिली, "ह्या कोण?" कुतूहल जागं झालं. दुसरी, "ही बाई नक्की कोणाला बोलतेय?" तेही कुतूहलच. तिसरी कोणाच्या तरी नातीची, "आजोबांनी व्हिडिओ बघितला आणि मोबाइल उशीखाली सारला, आता कोणाला हात लावू देत नाहीत." हे वाचून भरून आलं. लोक इतकं जपतात.

शुक्रवार वागे, ३० ऑगस्ट

क्लातेनहून सास्त्रो गुरुजींचं पत्र. निवृत्त हेडमास्तर, वय चौऱ्याऐंशी, पन्नास वर्षांचे वर्गणीदार. अक्षर मोत्यासारखं, बोली सगळ्यात वरच्या मानाची. उतरवून ठेवते.

"आपले साप्ताहिक मला पन्नास वर्षे 'तू' म्हणत आले आहे. कागदाला तोंड नसते, म्हणून ते मी शेजारधर्म समजून घेतले, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडतही असे. स्वातंत्र्यदिनी मात्र एका बाईसाहेबांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून 'ए, जेवलास का?' असे विचारले. माझी सून शेजारी उभी होती. ती हसली. मी जेवलो होतो. कृपया माझी वर्गणी थांबवावी."

वाईट वाटलं. पण एका वाचकाने काही होत नाही. आणि शेवटी त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलंच की, जेवलो म्हणून. संवाद झाला.

सोमवार पाहिंग, २ सप्टेंबर

आणखी सव्वीस पत्रं. सगळी वर्गणी बंद करणारी.

एका आजींनी लिहिलंय, असं मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी बोलले नाही, आणि तो तर ठार बहिरा होता.

गुनादीसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, बू, तुम्ही प्रुफात एक स्वल्पविराम सोडत नाही आणि अख्ख्या जिल्ह्याच्या म्हाताऱ्यांना अरे-तुरे करून आलात? मी म्हटलं, मजकूर तुम्हीच पास केलात. ते म्हणाले, वाचताना मला त्यात 'तू' दिसलाच नाही.

खरं आहे. मलाही कधी दिसला नव्हता. कागदावर तो बसलेला असतो. तोंडातून निघाला की उभा राहतो.

असो. उपाय सोपा आहे. पुढचा व्हिडिओ मानाच्या बोलीत करायचा. त्यात नुसता 'तू' काढून 'आपण' घालून चालत नाही, हे मला माहीत आहे. खाणं, झोपणं, येणं, मरणं, प्रत्येकाला दोन-दोन शब्द, एक वरचा, एक खालचा. कोणासाठी कुठला, एवढंच लक्षात ठेवायचं. त्यात काय आहे?

बुधवार वागे, ४ सप्टेंबर

एका दमात रेकॉर्डिंग. यायुक थक्क झाली. म्हणाली, बू, मला यातलं काही कळलं नाही, आमच्या घरी सगळं इंडोनेशियनमध्येच चालतं, पण ऐकायला फार भारी वाटलं. गुनादीसाहेब जकार्तात वाढलेले, त्यांनाही ही बोली येत नाही. तेही म्हणाले, वा, राजवाड्यात गेल्यासारखं वाटलं.

सुरुवात अशी केली:

"आदरणीय शेजारी महोदय, आज पहाटे मी निद्रेतून जागृत होऊन परसात माझं शुभागमन झालं. मी भोजन ग्रहण केलं. आपण गिळलंत का? काल माझ्या कोंबडीचं देहावसान झालं. आपल्याकडे अलीकडे कोण मेलं?"

पुढेही अशीच भाषा. कोंबडीचं खरं आहे. घरचा प्रसंग घातला की बोलण्यात जिव्हाळा येतो.

शनिवार पाहिंग, ७ सप्टेंबर

सकाळी अंक आला. उलटा केला, नाव बघितलं, चहा घेतला.

संध्याकाळपर्यंत नऊशे.

मी तर आज एकदाही बघितला नाही.

मंगळवार क्लिवोन, १० सप्टेंबर

चाळीस हजार!!

सबस्क्रायबर तीन हजार शंभर. दोन हजार कधीच मागे पडले. कॉमेंट मोजता येत नाहीत. शब्द कमी, चेहरेच जास्त, पिवळे, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेले. ओळीच्या ओळी. कोंबडीचं लोकांना इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

बाजारातही फरक पडला. तेंपेवाली, म्हणजे सोयाबीनच्या वड्या विकणारी, मला बघून उठून उभी राहिली, म्हणाली, या या, आपलं शुभागमन झालं, बसा, आम्ही आत्ताच गिळलं. कॉलेजच्या मुली स्कूटर थांबवून विचारतात, बू, भोजन ग्रहण केलंत का? या पिढीला बोलीचं वळण राहिलं नाही म्हणतात. एका व्हिडिओने आलं.

कबरीवर जाऊन आकडा सांगून आले.

शुक्रवार पोन, १३ सप्टेंबर

गुनादीसाहेबांनी सगळ्या ऑफिसला केळीच्या पानावर नारळाचा भात मागवला. कोंबडीचा तुकडा मोठा मला. यायुकला का कोण जाणे हसू आवरेना.

साहेब म्हणाले, पुढचा व्हिडिओ असाच करा. एक शब्द बदलू नका. आणि बू, मेहेरबानी करून कोणाकडून काही शिकू नका.

एवढं कौतुक या छापखान्यात फक्त ह्यांचं व्हायचं.

मी विचारलं, म्हणजे पान राहिलं? म्हणाले, बघू. बघू म्हणजे राहिलंच.

गुरुवार वागे, १९ सप्टेंबर

कॉलेजातल्या एका भाषेच्या बाईंनी माझ्या व्हिडिओवर व्हिडिओ केला आहे. 'मानाची बोली: सोळा धडे.' मी मधेमधे थोडी बोलते, मग त्या बोलतात. अभ्यासक्रमात गेले, असं वाटलं. यायुकला दाखवला. ती पाणी प्यायला गेली आणि आलीच नाही.

दुसऱ्यांदा बघितला. धडे नाहीत. चुका आहेत.

तिसऱ्यांदा कागद घेऊन बसले आणि प्रूफ तपासतात तसा तपासला. बाईंचं बरोबर आहे. वरचा शब्द समोरच्यासाठी, खालचा आपल्यासाठी. मी सगळे वरचे स्वतःकडे ठेवले आणि खालचे वाचकांना वाढले. मी भोजन केलं, त्यांना गिळायला लावलं. कोंबडीचं देहावसान आणि माणसं मेली.

ते पिवळे चेहरेही यायुकने समजावून सांगितले. ते रडण्याचे नसतात.

तेंपे आणायला दुसऱ्या बाजारात गेले.

मग विचार केला. चाळीस हजार लोक हसले तर हसले. पान राहणार. मी वेडीवाकडी दिसले तरी खाली नाव बरोबर छापून येणार. प्रूफ माझ्याच हातात आहे. साहेब म्हणतात तसं बोलत राहायचं, मुद्दाम चुकायचं. हा ठराव पक्का.

मुद्दाम चुकायला बसले. जमेना. चुका विचार न करता बऱ्या येतात.

सोमवार पोन, २३ सप्टेंबर

मीटिंग. मी ठेवणीतली, म्हणजे ईदची बाटिक नेसून गेले होते. सत्कार असेल असं वाटलं.

साहेबांनी भिंतीवर आकडे दाखवले. माझा चॅनेल पहिला, बाकी सगळी पानं मिळून माझ्या निम्मी नाहीत. टाळ्या झाल्या. मग म्हणाले, बघणारे सगळे विशी-पंचविशीचे आहेत, ते कागद विकत घेत नाहीत. जे कागद घ्यायचे त्यातले एकसष्ट जण शेवटच्या पानामुळे गेले. तेव्हा व्हिडिओ राहील. पान जाईल. त्या जागी सांधेदुखीच्या काढ्याची पूर्ण पान जाहिरात मिळाली आहे, कोपऱ्यात माझा कोड. कार्यक्रमाचं नावही ठरलंय, माझ्याच नावाने, 'बू वागियेमचं भोजन'.

मी म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणालात, दोन हजार झाले की पान राहील. ते म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं की बघणारे आणि वाचणारे एकच असतात.

मी विचारलं, आणि नाव?

ते म्हणाले, बू, लोक आता तुम्हाला ओळखतात, कुसनान कोणाला माहीत आहे? बोलून गेले आणि मग खाली बघितलं. लहानपणी हा मुलगा सुट्टीत छापखान्यात यायचा तेव्हा हे त्याला छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे खेळायला द्यायचे. त्याला आठवलं असणार. म्हणाला, व्हिडिओच्या शेवटी टाकू ना, मूळ कल्पना कुसनान.

यायुकने लगेच करून दाखवलं. नावं खालून वर पळतात. दोन सेकंद. मी चष्मा पुसून तीनदा बघितलं. मला माहीत होतं तिथे काय लिहिलंय, म्हणून वाचता आलं.

शनिवार पोन, २८ सप्टेंबर

शेवटचं 'कुंपणावरून'. निरोपाला पाचशे शब्द लिहिले होते. काढ्यावाल्यांना याच अंकापासून जागा हवी होती, म्हणून ऐंशी बसले. "ए शेजाऱ्या" काढलं नाही. कागदावर आहे, चालतं.

प्रूफ चार वेळा वाचलं. एकही चूक नाही. नावाचे ठसे जरा गडद करून घेतले.

आज चहा नको वाटला.

सोमवार क्लिवोन, ३० सप्टेंबर

अकराच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. मागच्या सीटवरून सास्त्रो गुरुजी उतरले. क्लातेनहून सुनेच्या मागे बसून आले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, इस्त्रीची टोपी घालून.

मी हात जोडून माफी मागायला लागले तर सून म्हणाली, आधी बोलू नका बाई, बाबांना पुन्हा हसू येईल, त्यांचे ऑपरेशनचे टाके दुखतात. तिने त्यांना दवाखान्यात दुसरा व्हिडिओ दाखवला होता. गुरुजी म्हणाले, इतक्या मनापासून चुकणारी बाई उद्धट असू शकत नाही, म्हणून आलो.

मी विचारलं, मग वर्गणी पुन्हा सुरू करू? ते म्हणाले, आता कशाला? मी अंक मागच्या पानापासून वाचायला घ्यायचो. शेवटचं पान संपलं की झालं. कागदावरच्या 'तू'ची माझी कधीच तक्रार नव्हती.

मी नुसती खुर्ची पुढे सरकवली. बरंच झालं, बोलले असते तर चुकले असते.

मग स्वतःच म्हणाले, बसा, तुमची बोली बघू. मी चहा टाकला, विचारपूस केली, साखर किती ते विचारलं, घर दाखवलं. ते बोटांवर चुका मोजत होते. कॉलेजच्या बाईंनी सोळा काढल्या होत्या. गुरुजींच्या तेवीस झाल्या, अजून चहा गाळायचा होता.

म्हणाले, शिकलात कोणाकडून? मी म्हटलं, कोणाकडून नाही, ऐकून ऐकून. म्हणाले, पण रोज बोलत कोणाशी होतात? मी म्हटलं, ह्यांच्याशी. चौतीस वर्षं. एकदाही 'तू' म्हटलं नाही, कायम मानानेच बोलले.

गुरुजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, कुसनानांशी? मी तीस वर्षं त्यांच्याकडे लेख पाठवले, माझ्यासारख्या हेडमास्तरचं एक टिंब त्यांनी सोडलं नाही, पानं लाल करून परत यायची. त्यांनी तुमची एकही चूक काढली नाही?

मी म्हटलं, नाही.

सुनेने स्कूटर सुरू केली. उद्यापासून दर मंगळवारी शिकवायला येणार म्हणाले. गुनादीसाहेबांना सांगायचं नाही असं ठरलं.

कप धुताना हिशेब करत होते. म्हणजे चौतीस वर्षं, रोज सकाळी, प्रुफांवर वाकलेल्या ह्यांना मी विचारत असणार, "मी भोजन ग्रहण केलं, आपण गिळलंत का?" आणि हे मान वर न करता म्हणायचे, हो, गिळलं.

मला वाटायचं, काढण्यासारखी चूकच नसेल.